पाच मित्र, पाच सॅक आणि आइसलँडची लॉयगावेगुर वाट : अनुभव आणि चर्चा

कातळवाट :

नमस्कार मंडळी. गेल्या जुलैमध्ये आम्ही पाच मित्र पाठीवर सॅक घेऊन आइसलँडच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ मुलखातून चालत आलो. लांडमान्नालॉयगार ते थोर्समोर्क ही 'लॉयगावेगुर' नावाची पायवाट सुमारे ५५ किलोमीटरची आहे, आणि तिथून फिम्वोर्दुहाउल्सची खिंड ओलांडून स्कोगारला उतरणारी वाट आणखी २५ किलोमीटरची. हे सगळे मिळून आम्हाला सात दिवस लागले. त्यांतला एक दिवस नदीच्या अलीकडे नुसता बसून काढावा लागला, आणि खरे सांगायचे तर त्या दिवसाविषयी लिहावे म्हणूनच हा धागा काढला आहे. बाकीचे वर्णन ओघाने येईलच.

आम्ही पाचही जण पुण्याचे आणि वीसेक वर्षे सह्याद्रीत एकत्र भटकलेलो. नळीची वाट झाली, भर आषाढात कोकणकड्यावरचे मुक्काम झाले, त्यामुळे 'दिवसाला बारा-पंधरा किलोमीटर, त्यात काय एवढे' असाच आमचा सूर होता. तो पहिल्याच संध्याकाळी उतरला. चढ तिथे अवघड नाहीच. साऱ्या वाटेवरची उंची कळसूबाईच्या १,६४६ मीटरांच्या पुष्कळ खाली राहते. अवघड असतो तो वारा. आपल्याकडे वारा ही घामाघूम होऊन माथ्यावर पोचल्यावर मिळणारी बक्षिसी असते. तिथे तो सकाळी तंबूची चेन उघडण्याआधीच हजर असतो आणि दिवसभराचा बेत तोच ठरवतो. तिथल्या हवामान खात्याच्या अंदाजात वाऱ्याचा वेग मीटर प्रतिसेकंद या एककात देतात. 'वीस' हा आकडा वाचून आम्हाला प्रथम काहीच वाटले नाही. वीस मीटर म्हणजे ताशी ७२ किलोमीटर, हा हिशेब आमच्यातल्या एकाने मोबाइलवर करून दाखवला तेव्हा तंबूच्या दोऱ्या पुन्हा एकदा तपासायला सगळेच उठले.

रेक्याविकहून उंच चाकांची बस चारेक तासांत लांडमान्नालॉयगारला पोचवते. शेवटच्या टप्प्यात ती चक्क ओढ्यांतून जाते. गरम पाण्याच्या झऱ्यात बसून घेतल्यावर दुसऱ्या दिवशी चालायला लागलो ते १४७७ साली वाहिलेल्या लाव्ह्याच्या काळ्या, खडबडीत पसाऱ्यातून. त्याच्या पलीकडचे डोंगर पिवळे, तांबूस, हिरवट, मध्येच राखाडी असे होते, आणि त्यांच्या घळींतून गंधकाच्या वासाची वाफ फुसफुसत होती. ह्राफ्नतिन्नुस्केरच्या अलीकडे वाट बर्फावर चढते आणि बर्फ संपतो तिथे जमीन लखलखू लागते. मी वाकून पाहिले तर हाताच्या पंजाएवढे काळ्या काचेचे तुकडे सगळीकडे विखुरलेले होते, कडा अशा धारदार की बोटाला लागताच रक्त यावे. हाच ऑब्सिडियन. तिकडे त्याला 'ह्राफ्नतिन्ना' म्हणजे 'कावळ्याची गारगोटी' म्हणतात. आमच्यातल्या एकाने एक तुकडा खिशात घातला होता. हा संरक्षित प्रदेश आहे, इथला दगडही न्यायचा नसतो, असे बजावल्यावर त्याने तो निमूटपणे होता तिथे ठेवला, पण त्यानंतर तासभर तो आमच्याशी बोलला नाही.

तिथून जवळच वाटेकडेला दगडांची एक रास आहे. २००४ च्या जूनमध्ये एक तरुण भटक्या हिमवादळात सापडून तिथे मरण पावला, मुक्कामाची हट (निवारा) अगदी हाकेच्या अंतरावर असताना. जून म्हणजे तिकडचा ऐन उन्हाळा. आम्ही तिथे थांबलो तेव्हा ऊन होते आणि अर्ध्या तासाने धुक्यात पुढचा माणूस दिसेनासा झाला.

आता नदीविषयी. तिसऱ्या दिवशी आम्ही आउल्फ्तावात्न तळ्याहून निघालो. पावसातच एक ओढा गुडघाभर पाण्यातून ओलांडला, क्वानगिलची हट मागे टाकली, पुढचा प्रवाह पुलावरून पार केला आणि दुपारी दीडच्या सुमारास ब्लाउफ्यात्लाक्विस्ल नदीकाठी आलो. पाणी करडे, गढूळ आणि तळ न दिसणारे. दोघांचे मत 'चला, मांडीपर्यंतच असेल' असे होते, दोघे 'नको' म्हणत होते, आणि मी, ज्याने हा सगळा बेत आखला होता आणि ज्याला परतीच्या विमानाची तारीख पाठ होती, तो गप्प होतो. पंधरा मिनिटे आम्ही भर पावसात वाद घातला. वीस वर्षांच्या मैत्रीत जे शब्द वापरले नव्हते ते त्या पंधरा मिनिटांत वापरले गेले. शेवटी मुंबईत डॉक्टरकी करणारा आमचा मित्र म्हणाला, "ज्याला सगळ्यात जास्त भीती वाटते आहे त्याचे ऐकायचे, असे घरून निघताना ठरले होते. मला वाटते आहे." आम्ही मागे वळलो आणि क्वानगिलला तंबू ठोकले. दुसऱ्या दिवशी वादळाचा पिवळा इशारा होता, म्हणून तो दिवसही तिथेच गेला. त्याच्या पुढच्या दिवशी पहाटे साडेपाचला त्याच जागी पाणी गुडघ्याच्या जरा वर होते आणि आम्ही दहा मिनिटांत पार झालो.

ज्यांना या वाटेने जायचे आहे त्यांनी प्रश्न विचारावेत. ज्यांनी अशा नद्या ओलांडल्या आहेत त्यांचे अनुभवही वाचायला आवडतील.

घसारा :

वर्णन आवडले, परंतु एक गोष्ट पटली नाही. पाच अनुभवी भटके सोबत असताना दोर का नेला नाही? आपल्याकडे पावसाळ्यात ओढे ओलांडताना एक जण पलीकडे जाऊन दोर बांधतो आणि बाकीचे तो धरून येतात. तसे केले असते तर दीड दिवस वाचला असता. हिमनदीचे पाणी गार असले तरी गुडघा-मांडीएवढ्या पाण्याला इतके घाबरण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

कातळवाट :

घसारा, तुमचा प्रश्न रास्त आहे, कारण आमच्यातल्या 'चला' म्हणणाऱ्या दोघांचेही हेच म्हणणे होते. क्वानगिलच्या हटवरच्या राखणदार बाईंनी आम्हाला जे समजावले ते इथे देतो.

सह्याद्रीतला ओढा पावसाने फुगतो आणि पाऊस थांबला की काही तासांत उतरतो. हिमनदीतून येणाऱ्या पाण्याचे घड्याळ वेगळे असते. दिवसभराच्या उबेने बर्फ वितळतो आणि ते पाणी खाली पोचायला वेळ लागतो, म्हणून दुपार ते संध्याकाळ ही सगळ्यात वाईट वेळ, आणि पहाट सगळ्यात चांगली. त्यात दिवसभर पाऊस असला तर दोन्ही पाणी एकत्र येते. आम्ही नेमके त्याच वेळी तिथे पोचलो होतो. शिवाय पाणी गढूळ असल्याने तळाचे धोंडे दिसत नाहीत, आणि ते धोंडेही प्रवाहाबरोबर सरकत असतात. काठावर शांत उभे राहिल्यास त्यांचा खालून येणारा घडघडाट चक्क ऐकू येतो.

दोराविषयी त्या फारच स्पष्ट बोलल्या. वेगाच्या पाण्यात कमरेला दोर बांधलेला माणूस घसरला तर दोर त्याला वाचवत नाही. एका जागी अडकवून ठेवतो, आणि प्रवाह त्याला त्या ताणावर पाण्याखाली दाबतो. त्यामुळे अंगाला दोर बांधायचाच नाही. पात्र जिथे रुंद होऊन अनेक फाट्यांत विभागले आहे ती जागा शोधायची, कारण रुंद पात्रात पाणी उथळ असते. अरुंद जागा जवळची वाटते आणि तीच खोल निघते. सॅकचा कमरपट्टा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवायचा, म्हणजे पडल्यास सॅक टाकता येते. अनवाणी जायचे नाही. तीन-चार जणांनी एकमेकांच्या खांद्याचे पट्टे धरून, प्रवाहाकडे तोंड करून, एका वेळी एकानेच पाऊल हलवत जायचे. आम्ही पहाटे असेच गेलो. पाण्यात पाय टाकल्यावर पहिले दहा सेकंद वेदना होतात आणि नंतर काहीच जाणवत नाही, आणि खरी भीती त्या 'काहीच जाणवत नाही'ची असते, कारण पाऊल नेमके कशावर पडले ते कळत नाही.

घसारा :

सविस्तर उत्तराबद्दल आभार. दोर अंगाला बांधण्याविषयीचा मुद्दा मान्य. आमच्या गटाने काही वर्षांपूर्वी एका ओढ्यात तसेच केले होते आणि एक जण खरोखरच पाण्याखाली दाबला गेला होता. तेव्हा आम्ही दोष त्याच्या पाय घसरण्याला दिला होता. आता पुन्हा विचार करतो आहे.

दगडधोंडा :

मी भूशास्त्राचा अध्यापक होतो, आता निवृत्त आहे, म्हणून थोडे आडवळण घेतो. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला आइसलँड परका वाटत नाही याला खडकाचे कारण आहे. दोन्हीकडचा मुख्य खडक बेसॉल्टच. आपल्या घाटात ज्या पायऱ्या-पायऱ्यांसारख्या आडव्या कड्यांच्या रांगा दिसतात ते एकावर एक पसरलेले लाव्ह्याचे थर आहेत, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. आइसलँडचे सगळ्यात जुने खडक दीड कोटी वर्षांच्या आसपासचे, आणि कातळवाट ज्या १४७७ च्या लाव्ह्यावरून चालले तो तर शिवरायांच्या जन्माच्या जेमतेम दीडशे वर्षे आधीचा. म्हणजे आपल्याकडे जी गोष्ट संपून झिजली आहे ती तिथे अजून चालू आहे. अटलांटिक महासागराच्या मध्यातून जाणारी भेग तिथे जमिनीवर येते आणि देशाचे दोन भाग वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटरने एकमेकांपासून दूर जातात.

लांडमान्नालॉयगारचे रंग मात्र बेसॉल्टचे नव्हेत. तो रायोलाइट, म्हणजे सिलिका जास्त असलेला, घट्ट लाव्ह्यापासून झालेला खडक. गरम पाणी आणि गंधकाची वाफ त्यातून वर्षानुवर्षे फिरली की त्यातल्या खनिजांचे रूप पालटते आणि पिवळे, तांबडे, हिरवे पट्टे उमटतात. तोच लाव्हा फार भराभर निवला तर स्फटिक धरायला अवधी मिळत नाही आणि काच होते, ती म्हणजे तुमच्या मित्राच्या खिशातली. हा आम्लधर्मी प्रकार आपल्याकडे अगदीच नाही असे नाही. मुंबईच्या उत्तरेला उत्तन-डोंगरीच्या किनाऱ्यावर तो आहे, पण त्याकडे पाहायला कोणी जात नाही. आणि स्वार्टीफॉसच्या धबधब्यामागे जे षटकोनी खांब लोक विमानाने जाऊन पाहतात, तसे खांब अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर उभे आहेत, इमारतींनी वेढलेले.

कातळवाट :

सर, आभार. फिम्वोर्दुहाउल्सच्या खिंडीत हे 'अजून चालू आहे' म्हणजे काय ते पायाखाली कळले. २०१० च्या मार्चमध्ये तिथे जमीन फाटून दोन नवे शंकू उभे राहिले आणि थोर देवाच्या दोन मुलांवरून त्यांची नावे माग्नी आणि मोदी ठेवली गेली (हो, आमच्यातही त्यावरून दिवसभर विनोद झाले). पुढच्याच महिन्यात शेजारच्या एयाफ्यात्लायोकुत्ल ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली विमाने बंद पाडली. वाट या शंकूंच्या उतारावरून जाते. पायाखाली विटांच्या चुऱ्यासारखी तांबडी, हलकी, भोकाभोकांची खडी असते आणि दोन पावले वर टाकली की एक खाली येते. राजगडाच्या घसाऱ्याची सवय होती म्हणून निभावले. मला त्या दिवसाचे सगळ्यात विचित्र वाटले ते हे की तो डोंगर माझ्या मुलीपेक्षा वयाने लहान आहे.

सांजवात :

आम्ही चार मैत्रिणी पुढच्या वर्षी जाण्याच्या विचारात आहोत. चौघींची वये ४५ ते ५२ आहेत आणि एकीचा गुडघा दुखरा आहे. दोन प्रश्न आहेत. पहिला हटचा : तंबू न्यावा की हटमध्ये राहावे? दुसरा थोडा अवघड आहे, पण बायकांना तो पडतोच, आणि प्रवासवर्णनांत त्याचे उत्तर कधी सापडत नाही. या वाटेवर झाड नाही, झुडूप नाही असे छायाचित्रांत दिसते. मग दिवसभराच्या चालीत आडोशाचे काय करायचे?

उत्तरायण :

सांजवात, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देते, कारण मी डेन्मार्कमध्ये राहते आणि ही वाट दोन मैत्रिणींबरोबर चालले आहे. तुमची शंका अगदी खरी आहे. स्वच्छतागृहे फक्त मुक्कामाच्या हटपाशी असतात आणि मधल्या बारा-पंधरा किलोमीटरांत काहीच नसते. आम्ही काळ्या रंगाचा मोठा पोंचू नेला होता. दोघींनी वाऱ्याच्या बाजूला तो धरून उभे राहायचे. वाऱ्याची दिशा चुकली तर काय होते ते सांगत नाही. लाव्ह्याच्या पसाऱ्यात खडकांचा आडोसा मिळतो, पण तिथल्या मऊ, जाड शेवाळावर पाऊल टाकू नका. ते फार हळू वाढते आणि एका बुटाची खूण कित्येक वर्षे राहते. कागद पिशवीत घालून परत आणायचा असतो, हे लक्षात असू द्या.

आणि एक गोष्ट जाता जाता सांगते. वाट संपल्यावर गावातल्या तरणतलावावर नक्की जा, कारण छोट्या गावांतही गरम पाण्याचा तलाव असतो आणि सगळे गाव संध्याकाळी तिथेच भेटते. मात्र पाण्यात उतरण्याआधी साबण लावून, पोहण्याचा पोशाख न घालता अंघोळ करावीच लागते, सामायिक न्हाणीघरात. भिंतीवर शरीराचे कोणते भाग धुवायचे ते चित्रातून दाखवलेले असते. आमच्यातली एक जण पहिल्या दिवशी दारातूनच परत गेली. दुसऱ्या दिवशी ती आली आणि तिच्याकडे कोणीही ढुंकून पाहिले नाही. त्यानंतर तिला तिथून बाहेर काढणे कठीण झाले.

कातळवाट :

पहिल्या प्रश्नाविषयी : हट तिथल्या पर्यटन संघाच्या आहेत. ही संस्था १९२७ पासून आहे. हटमध्ये मोठ्या फळ्यांवर शेजारी-शेजारी गाद्या, स्वयंपाकघरात गॅस आणि भांडी अशी सोय असते. जागा कित्येक महिने आधी भरतात आणि एका गादीचे भाडे आपल्याकडच्या चांगल्या हॉटेलातल्या खोलीइतके पडते. तंबू टाकायचे भाडे त्याच्या मानाने फारच कमी, म्हणून आम्ही तंबू नेले. दुखरा गुडघा आणि १६-१७ किलोंची सॅक यांचे मात्र जमणार नाही. हटमध्ये राहिल्यास तंबू, कॅरीमॅट, स्टोव्ह हे सगळे वगळता येते आणि सॅक आठ-नऊ किलोंवर येते. तुमच्या जागी मी हट घेईन आणि त्यासाठी एक दिवस खरेदी कमी करीन.

तंबूच न्यायचा असेल तर ह्राफ्नतिन्नुस्केरचा मुक्काम विचारपूर्वक करा. ती जागा हजार मीटरांहून उंच आहे, तिथे जुलैतही आजूबाजूला बर्फ होता आणि तंबूंसाठी लोकांनी दगडांची गोल, कमरेएवढी कुंपणे रचून ठेवली आहेत. आम्ही पोचलो तेव्हा चांगली कुंपणे भरलेली होती. उरलेल्या एका अर्धवट कुंपणात दोन तंबू कोंबले आणि रात्रभर (रात्र म्हणायची एवढेच, अंधार होतच नाही) तंबूचे कापड तोंडावर फडफडत होते. डोळ्यांवर बांधायला पट्टी न्या.

पैरण :

आमच्या गटाला थोडा वेगळा अनुभव आला म्हणून लिहितो. आम्ही सात जण गेलो होतो आणि सात हा आकडाच चुकीचा होता. चालण्याचा वेग सातांचा सात प्रकारचा. दुसऱ्या दिवशी पुढचे तीन आणि मागचे चार यांच्यात दोन तासांचे अंतर पडले, मध्ये धुके आले, मोबाइलला रेंज नाही, आणि नकाशा पुढच्यांकडे तर गॅस मागच्यांकडे. पुढचे तिघे हटच्या बाहेर कुडकुडत बसले होते. कोणाला काही झाले नाही, पण त्या संध्याकाळी जे रुसवेफुगवे झाले ते विमानतळापर्यंत पुरले. कातळवाट यांनी 'सर्वांत भित्र्याचे ऐकायचे' हा नियम सांगितला आहे. त्याला मी 'सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवायचे' हा दुसरा जोडीन. आपल्याकडे शाळेच्या सहलीलाही हे करतात. मोठे झाल्यावर आपण विसरतो.

या वाटेवर उन्हाळ्यात गर्दी असते आणि एवढा खर्च करून रांगेत चालायचे असेल तर त्यापेक्षा स्पीती बरे, असेही आमच्यातल्या दोघांचे मत पडले. ते मला पूर्ण पटत नाही, पण नोंदवून ठेवतो.

कातळवाट :

पैरण, गर्दीचे खरे आहे, विशेषतः लांडमान्नालॉयगारला. बसमधून दिवसभरासाठी येणारेच शेकड्यांनी असतात. पण हटपासून सकाळी सहाला निघालो तर पहिले तीन-चार तास आम्हा पाचांखेरीज कोणी नव्हते. एम्स्त्रुरच्या मुक्कामाजवळ मार्करफ्ल्योत नदीची घळ आहे, जवळपास दोनशे मीटर खोल. तिच्या काठावर रात्री दहाच्या तिरप्या उन्हात तासभर बसलो तेव्हा तिथे आम्ही आणि घळीतून घिरट्या घालणारे पांढरे पक्षी एवढेच होतो. नदी खाली रेघेसारखी दिसत होती. आमच्यात सगळ्यात जास्त बडबड करणारा मित्रही तो तासभर गप्प होता, आणि नदीकाठच्या भांडणानंतर आम्ही पाचही जण पुन्हा नीट बोलू लागलो ते तिथून तंबूकडे परतताना.

एम्स्त्रुरलाच हटच्या भिंतीवर एक सूचना आहे. ती थांबून लक्षपूर्वक वाचा. समोरच्या मिर्दाल्सयोकुत्ल हिमनदाखाली कात्ला नावाचा ज्वालामुखी आहे, ज्याचा शेवटचा मोठा उद्रेक १९१८ साली झाला. बर्फाखाली उद्रेक झाला तर वितळलेल्या पाण्याचा लोंढा येतो, आणि तशी वेळ आल्यास कोणत्या उंच जागेवर पळायचे ते तिथे नकाशासह लिहिले आहे. २०११ च्या जुलैत अशाच एका छोट्या लोंढ्याने दक्षिणेकडच्या मुख्य रस्त्यावरचा पूल वाहून नेला होता. आम्ही ती उंच जागा आधी डोळ्यांनी पाहून ठेवली आणि मगच तंबू ठोकला.

शिदोरी :

सगळे वाचले, पण पाच मराठी माणसे सात दिवस काय खात होती हे कोणीच विचारले नाही याचे आश्चर्य वाटले. तिथे वाटेवर दुकान नाही असे समजते. त्यात कोणी शाकाहारी असल्यास कसे जमले?

कातळवाट :

शिदोरी, हा प्रश्न आमच्या खजिनदाराला विचारल्यासारखाच आहे, कारण सगळी वाटणी त्याची होती. आमच्यातले दोघे शाकाहारी. पुण्याहून आम्ही भाजलेल्या पोह्यांचा चिवडा, सातूचे पीठ, मेतकूट, गूळ-शेंगदाण्याचे लाडू आणि घरी परतून ठेवलेला उपम्याचा रवा नेला. रव्याचा फायदा असा की पाणी उकळले, रवा टाकला, झाकण ठेवले आणि गॅस बंद केला की पाच मिनिटांत खाणे तयार. वाऱ्यात स्टोव्ह पेटता ठेवणे हे निम्मे काम असते, त्यामुळे भात-डाळ शिजवण्याच्या भानगडीत पडू नका. एका संध्याकाळी हौसेने खिचडी लावली. पाऊण तास झाला तरी डाळ टणक, आणि गॅसचा डबा हलका झाला. सातूचे पीठ मात्र सोन्यासारखे ठरले. क्वानगिलला अडकलो त्या दिवशी हिशेबात नसलेल्या एका दिवसाचे जेवण लागले, तेव्हा गार पाण्यात गूळ आणि सातू कालवून तीन वेळा तेच खाल्ले. म्हणून एका दिवसाचे जास्तीचे खाणे बांधाच, आणि ते न शिजवता खाण्यासारखे असू द्या. पाणी कुठल्याही गार नळाचे बिनधास्त प्यावे. गरम नळाला गंधकाचा वास येतो, गारला येत नाही.

सांजवात :

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही चौघींनी काल रात्री फोनवर चर्चा करून हट घ्यायचे ठरवले आहे आणि नदीकाठी कोणाचे ऐकायचे तेही ठरले आहे (दुखऱ्या गुडघ्याचे). व्हिसा शेंगेन लागतो आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा आरोग्यविमा हवा एवढे कळले. एका दलालाने मात्र 'ट्रेकिंग विम्यात आपोआप येते' असे सांगितले आणि कागद वाचल्यावर ते खोटे निघाले, तेव्हा विमा घेणाऱ्यांनी अटी स्वतः वाचाव्यात.

हट कधी उघडतात? आणि पहिल्या दिवशी लांडमान्नालॉयगारला चहा करायला म्हणून छोटा स्टोव्ह नेणार आहोत, तर गॅसचा डबा विमानात नेता येत नाही. तो तिथे कुठे घ्यावा?

कातळवाट :

साधारण जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वाट चालू असते, पण सुरुवातीची तारीख बर्फावर अवलंबून असते. तुमच्या गुडघ्याच्या दृष्टीने जुलैचा शेवट किंवा ऑगस्टचा पहिला पंधरवडा बरा, तेव्हा बर्फ कमी असतो. निघण्याआधी तिथल्या सुरक्षित प्रवासाच्या संकेतस्थळावर आपला बेत नोंदवून ठेवा. अडचणीत ११२ हा क्रमांक, आणि मदतीला येणारी बचाव पथके स्वयंसेवकांची असतात, म्हणजे तुमच्यासाठी कोणीतरी आपले रोजचे काम टाकून येते.

गॅसचे डबे रेक्याविकमध्ये पेट्रोल पंपांवर आणि भटकंतीच्या दुकानांत मिळतात. पण विकत घेण्याआधी शहरातल्या कॅम्पिंगच्या मैदानावर स्वयंपाकघरातली फळी पाहून घ्या. परत निघालेले लोक आपले उरलेले डबे, मीठ, तेल, कधी अर्धे पास्त्याचे पाकीट तिथे ठेवून जातात. आम्हाला तिथेच दोन डबे मिळाले होते. किती भरला आहे ते कळायला डबा पाण्यात तरंगवून पाहायचा : जितका वर तरंगेल तितका रिकामा. येताना आम्हीही आमचा एक ठेवला आणि खजिनदाराने त्यावर चिकटपट्टी लावून पेनाने लिहिले, 'अर्धा आहे'. ते तिथे कोण वाचणार, असे आम्ही विचारले, तर म्हणाला, राहू दे.